श्रीसंत बहिणाबाई शिऊरकर : पतीच्या दुखण्याचा महिना

वारकरी पंथाच्या देवालयाचा पाया कोणी घातला आणि कळस कोण झाला, हे सांगणारा अभंग येत नाही असा माळकरी मिळणे कठीण. दिंडीत तो होतो, सप्ताहात होतो, आणि घरोघरच्या आजीबाईही कामे करता करता तो गुणगुणतात. पण अभंग कोणाचा म्हणून विचारले, की पुष्कळजण चाचरतात. तो श्रीसंत बहिणाबाईंचा. हल्ली बहिणाबाई म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे जळगावच्या बहिणाबाई चौधरी उभ्या राहतात. त्या खानदेशातल्या शेतकरी घरच्या, १८८० ते १९५१ ह्या काळातल्या. त्यांची थोरवी वेगळी. आम्ही लिहीत आहोत त्या बहिणाबाई त्यांच्याआधी अडीचशे वर्षे होऊन गेल्या. तुकोबारायांच्या शिष्या, शिऊरच्या.

ह्यांचे चरित्र सांगायला फार शोधाशोध करावी लागत नाही. आपल्या आयुष्यात काय घडले, हे बहिणाबाईंनी स्वतःच आत्मनिवेदनाच्या अभंगांत सांगून ठेवले आहे. आईबाप, नवरा, मार, उपास, दुखणे, काही झाकले नाही. परमुलुखातल्या लोकांनाही त्याचे मोल कळले. जस्टिन अ‍ॅबट नावाच्या मिशनरी गृहस्थांनी ते इंग्रजीत नेले आणि १९२९ साली ते पुण्यात छापले गेले. आम्ही मात्र अजून त्या एका अभंगापाशीच थांबलो आहोत. म्हणून ह्या अंकी हे चरित्र, आणि त्यातही त्यांच्या पतीला आलेल्या एका दुखण्याची हकिगत जरा सविस्तर.

वेरुळाजवळ देवगाव म्हणून गाव आहे. तिथे आऊदेव कुलकर्णी राहत. पत्नीचे नाव जानकी. पुष्कळ दिवस पोटी संतान नव्हते, ते नवससायासांनी झाले. शके १५५०, म्हणजे १६२८ साली, मुलगी झाली, ती बहिणा. त्या काळच्या रीतीप्रमाणे तिसऱ्या वर्षी लग्न. मुलगी तीन वर्षांची आणि नवरा तीस वर्षांचा, बिजवर! शिऊरचे गंगाधरपंत पाठक; काही चरित्रकार त्यांस रत्नाकर पाठकही म्हणतात. वेदपठण केलेला, ज्योतिष जाणणारा, कर्मठ माणूस. स्वभावाने तापट. कुलकर्ण्यांनी जावई विद्वान पाहिला, मुलीचे वय पाहिले नाही. आजचा वाचक ह्यावर कपाळाला हात लावील, आणि लावावाच. पण ज्या काळात ते घडले त्या काळात त्याचे कोणाला नवल वाटले नाही.

बहिणा आठनऊ वर्षांची झाली तेव्हा घरावर संकट आले. कर्ज आणि भाऊबंदकी ह्यांच्या पायी आऊदेवांना अटकेत पडावे लागले. जावयाने धावपळ करून सोडविले, आणि मग सगळे कुटुंब रातोरात देवगाव सोडून निघाले. आईबाप, मुले, जावई. गोदेच्या काठाने, मग पंढरपूर, तिथून शिखर शिंगणापूर, मग रहिमतपूर, आणि शेवटी कोल्हापूर. वाटेत भिक्षा मागून पोट भरायचे. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ह्या साऱ्या वणवणीत घरचा कर्ता पुरुष होता तो जावई. त्याच्या पोथीवर आणि भिक्षुकीवर सासुरवाडीची माणसे जगत होती. तो रागीट होता हे खरे, पण पाठ फिरविणारा नव्हता. सासऱ्याच्या आपत्तीत किती जावई असे उभे राहतात, हे ज्याने त्याने आपल्या गावात पाहावे.

कोल्हापुरास एका वेदपाठी ब्राह्मणाच्या घरी आसरा मिळाला. त्या ब्राह्मणाला कोणी कपिला गाय दान दिली होती, ती त्याने पाठकांना दिली. गाईबरोबर वासरू आले. त्या वासराला बहिणेचा असा काही लळा लागला की ती पाण्याला गेली तरी मागे, बसली तरी शेजारी. गावात तेव्हा जयरामस्वामींची कथा चालू होती. कथेत तुकोबारायांचे अभंग होत. अकरा वर्षांची पोर आईबापांबरोबर कथेस जाई, आणि वासरूही मागोमाग जाई. एके दिवशी गर्दीत लोकांनी वासराला बाहेर घालविले, तेव्हा ते हंबरू लागले आणि इकडे बहिणा रडू लागली. स्वामींना हे कळताच त्यांनी वासराला आत आणविले आणि दोघांच्याही मस्तकावरून हात फिरविला.

झाले! गावभर चर्चा. कोणीतरी ती गंगाधरपंतांच्या कानी घातली, आणि तीही तिखटमीठ लावून. घरी येऊन त्यांनी बायकोला मार मार मारले, बांधून घातले. गाईने आणि वासराने वैरण सोडली. अशी हकिगत स्वतः बहिणाबाईंनी लिहिली आहे. आम्ही त्यात पदरचे काही घालीत नाही. पुढे ते वासरू गेले. बहिणा कित्येक दिवस भान हरपून पडली, आणि त्या स्थितीतच तुकोबारायांनी स्वप्नात येऊन तिच्या मस्तकी हात ठेवला व रामकृष्णहरि हा मंत्र दिला. तुकोबा देहूस, ही कोल्हापुरास. एकमेकांना पाहिलेले नाही. गुरुकृपेला वाटेचा हिशेब लागत नाही, एवढेच आम्ही म्हणू.

आता घरात जे सुरू झाले ते समजून घेतले पाहिजे. लोक बहिणाबाईंना पाहायला येऊ लागले, पाया पडू लागले. पतीला ते कसे रुचावे? आपण वेदशास्त्र पढलेले, आणि आपल्या बायकोने गुरू केला तो कुणबी वाणी, तोही स्वप्नातला. उद्या लोक बायकोला वंदन करतील आणि आपल्याला विचारणारही नाहीत, हे शल्य होतेच. पुष्कळ कीर्तनकार इथे गंगाधरपंतांना राक्षस करून टाकतात. आम्हांस ते पटत नाही. राक्षस असता तर प्रश्न सोपा होता. तो माणूस होता. ज्या समजुतीत वाढला तिच्याबाहेर त्याला पाऊल टाकता येईना. मारले हे वाईटच केले. बायकोला मारण्यात कोणताही धर्म नाही, आणि शास्त्राचे नाव सांगून कोणी ते झाकू पाहील तर आमची त्याला मान्यता नाही. पण मारणारा हात आणि सासऱ्याच्या कुटुंबाला भाकर मिळवून देणारा हात एकच होता. बहिणाबाईंची सगळी कोंडी ह्या एका हातात होती.

शेवटी पंतांनी ठरविले की बायकोचा त्याग करून तीर्थे हिंडत निघून जावे. बाई तेव्हा गरोदर होत्या, तीन महिन्यांच्या. सासूसासऱ्यांना त्यांनी सांगितले की मुलगी तुमची तुम्ही सांभाळा, मी हिचे तोंड पाहणार नाही. बहिणाबाईंच्या मनाची त्या वेळी काय दशा झाली असेल! नवरा सोडावा तर स्त्रीधर्म जातो, पांडुरंग सोडावा तर जीवच जातो. त्यांनी फार विचार केला. संसार सोडून निघाव्यात असे त्यांच्या मनाने घेतले नाही, आणि नामही त्यांनी सोडले नाही. पती रानात निघाला तर आपण देवळातल्या देवाला कोणत्या तोंडाने पुजावे, अशी त्यांची तळमळ होती. नवरा कसाही असो, तो त्यांचा होता, आणि विठ्ठलही त्यांचाच होता.

आणि निघायच्या ऐन वेळी गंगाधरपंत अंथरुणाला खिळले.

ज्वर आला तो उतरेना. आठ दिवस झाले, पंधरा झाले, महिना लोटला. अन्न तोंडात जाईना, औषध लागू पडेना. अंगाची लाही होत असलेली, परका गाव, घरात म्हातारी माणसे आणि गरोदर बायको. काल ज्या बायकोचे तोंड पाहायचे नाही म्हणून हे निघाले होते, तीच आज उशाशी बसलेली. रात्र नाही दिवस नाही, बहिणाबाई तिथून हलल्या नाहीत. पाणी पाजणे, अंग पुसणे, कूस वळविणे, ही कामे कशी असतात हे ज्यांच्या घरात आजारी माणूस पडले आहे त्यांना सांगायला नको. संतचरित्रात आपण चमत्काराची पाने वाचतो आणि असली पाने भराभर उलटतो. आमच्या मते ह्या चरित्रात वासराच्या गोष्टीपेक्षा हा महिना मोठा आहे.

पडल्या पडल्या गंगाधरपंतांना विचार करायला सवड मिळाली. ताप माणसाला कधी कधी खरे बोलायला लावतो. त्यांच्या मनात आले की आपण तुकोबांची निंदा केली, ह्या निरपराध पोरीला छळले, त्याचेच हे फळ असेल. तुकोबा खरे संत असतील तर आपण वाचू, आणि वाचलो तर त्यांना शरण जाऊ, असे त्यांनी मनाशी धरले. मग एक वृद्ध ब्राह्मण त्यांच्यापुढे आला. जिवावर उदार का झालास, बायकोला का टाकतोस, तिचा अपराध तरी कोणता, असे त्याने खडसावून विचारले. तिच्याशी वैर न करता तिचा स्वीकार कर, म्हणजे बरा होशील, असे सांगितले. तो वृद्ध कोण, हे वारकऱ्याला वेगळे सांगायची गरज नाही. त्या दिवसापासून ज्वर उतरू लागला, आणि ज्वराबरोबर अभिमानही उतरला.

ही हकिगत आम्ही एकदा दासगावास कीर्तनात सांगितली होती. महाडच्या अलीकडे सावित्रीच्या काठी हे गाव आहे. पूर्वी इथे बंदर होते, बाणकोटाकडून येणाऱ्या होड्या-लाँची इथे लागत. महाड-पोलादपुराकडची माणसे मोठी भाविक. पुरुष मुंबईस नोकरीला आणि बायका गावी, असे पिढ्यान्‌पिढ्या चालले, पण माळ सुटली नाही. कीर्तन आटोपल्यावर एक वयस्कर बाई मागे थांबल्या. आम्ही त्यांना मावशी म्हटले, त्या आम्हांस बुवा म्हणत. नवऱ्याने उभ्या जन्मात त्यांना वारीला जाऊ दिले नाही, एकदा गळ्यातली माळ तोडून चुलीत टाकली. आता नवऱ्याच्या अंगावरून वारं गेलं होतं; एक हात, एक पाय गेलेला, बोलणे समजत नाही. मुलगा मुंबईस. शेजारीपाजारी म्हणत की इठोबानेच त्याला शिक्षा केली. मावशींचा प्रश्न असा की हे खरे का? आणि आता अडविणारे कोणी नाही, तर आषाढीला आपण निघावे, की त्यांच्यापाशी बसावे?

प्रश्न साधा नव्हता. आम्ही नुकतेच तासभर कीर्तनात सांगितले होते की तुकोबांच्या निंदेमुळे ज्वर आल्याचे पंतांना वाटले. त्यावरून शेजाऱ्यांचे म्हणणे बरोबरच ठरत होते. पण बहिणाबाईंचे शब्द आम्ही पुन्हा नीट आठवले. दुखण्याचा हा अर्थ काढला तो दुखणाऱ्याने, आपला आपण. बहिणाबाईंनी तो त्याला ऐकवला नाही. महिनाभर उशाशी बसलेली बाई एकदाही असे म्हणत नाही की बघा, मला मारलेत, आता भोगा. तिला तसे म्हणता आले असते. तेवढा अधिकार मारांनी तिला दिला होता. ती म्हणाली नाही. आजारी माणूस स्वतःशी पश्चात्ताप करील तर तो त्याचा परमार्थ. त्याच्या खाटेशी उभे राहून दुसऱ्याने त्याचे पाप मोजणे हा परमार्थ नव्हे. मावशींना आम्ही एवढेच सांगितले की इठोबा असला सूड घेत नाही, शेजाऱ्यांचे ऐकू नका. वारीचे म्हणाल तर मुलाला चार दिवस बोलावून घ्या. तो आला तर खुशाल जा, नवरा रागावला होता म्हणून नव्हे आणि तो पडला म्हणूनही नव्हे. नाही आला तर पंढरी घरी आहे. मावशींचे समाधान झाले की नाही, ते त्यांनाच ठाऊक.

आणखी एक. ह्या चरित्राचा उपयोग करून बायकांना सोसायचा उपदेश करणारे काही लोक आम्ही पाहिले आहेत. बहिणाबाईंनी सोसले, म्हणून तूही सोस! त्यांनी हे विसरू नये की बहिणाबाईंनी सोसले, पण हट्ट सोडला नाही. मार खाऊन त्यांनी तुकोबांचे नाव टाकले असते तर घरात त्याच दिवशी शांतता झाली असती. त्यांनी टाकले नाही. शेवटी बदलले ते पती.

आणि कसे बदलले पहा. बरे होताच त्यांनी सासूसासऱ्यांना सांगितले की तुम्ही खुशाल देवगावी परत जा, मी हिला घेऊन देहूस तुकोबांच्या पायांशी जातो. आईबापही मागे राहीनात. सगळे निघाले, गाय बरोबर घेतली. देहूस पोचले, इंद्रायणीचे स्नान झाले, देवळात गेले तो आरती चालू होती आणि तुकोबाराय समोर उभे. स्वप्नात पाहिलेले रूप बहिणाबाईंनी डोळ्यांनी पाहिले. बरोबर नवरा होता. ज्या पायांची त्याने निंदा केली त्या पायांवर त्याने डोके ठेवले.

देहूसही सुख लागले असे नाही. राहायला जागा हवी म्हणून मंबाजी गोसाव्याकडे विचारले. आपलाच उपदेश घ्यावा असा त्याचा आग्रह. ह्यांनी तुकोबांचे नाव सांगताच तो संतापला, आणि मग त्याने छळ मांडला. ह्यांची गाय पळवून आपल्या घरी कोंडली आणि तिला मारले. त्या माराचे वळ तुकोबांच्या पाठीवर उठले, असे चरित्रात आहे. कोल्हापुरात जे काम गंगाधरपंत करीत होते तेच इथे मंबाजी करीत होता; फरक एवढाच की ह्या वेळी पंत बायकोच्या बाजूला उभे होते. कोंडाजी नावाच्या सद्गृहस्थाने जेवणाची सोय केली, विठ्ठलमंदिराच्या ओवरीत बिऱ्हाड पडले. तिथेच मुलगी झाली, तिचे नाव काशी. पुढे मुलगा झाला, त्याचे नाव विठोबा ठेवले. दुसरे कोणते ठेवणार?

तुकोबाराय १६५० साली वैकुंठास गेले. बहिणाबाई पुढे शिऊरास येऊन राहिल्या. प्रपंच केला, अभंग केले. पतिव्रतेच्या धर्मावर त्यांनी पुष्कळ लिहिले आहे, आणि ब्राह्मण कोणाला म्हणावे ह्यावरही लिहिले आहे. अश्वघोषाच्या नावावर असलेला वज्रसूची हा संस्कृत ग्रंथ त्यांनी मराठीत आणला. जन्माने, जातीने, देहाने कोणी ब्राह्मण होत नाही, ज्याला ब्रह्म कळले तो ब्राह्मण, असा त्यातला विचार. कुलकर्ण्याची मुलगी, वेदपाठ्याची बायको, आणि लिहिते हे! ज्या प्रश्नाने तिचे घर फुटायला आले होते, त्याचे उत्तर तिने असे शांतपणे लिहून ठेवले. वर ज्या दासगावाचा उल्लेख आला, त्याच दासगावच्या बंदरावर २५ डिसेंबर १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोटीतून उतरले आणि सत्याग्रही मंडळींसह महाडास गेले. माणसाची योग्यता जन्मावर ठरते काय, हाच प्रश्न त्यांनी चवदार तळ्यापाशी सगळ्या देशाला विचारला. शिऊरच्या बाईने अडीचशे वर्षांपूर्वी जे लिहिले, ते वारकऱ्यांनी तोंडपाठ केले असते तर पाण्यासाठी तिथे कोणाला सत्याग्रह करावा लागता ना. आम्ही तिचा एक अभंग उचलला आणि हे ठेवून दिले.

त्यांचा अंतकाळही घरच्या दुःखातच आला. सून वारली होती आणि विठोबा तिच्या उत्तरक्रियेसाठी परगावी गंगाकाठी गेला होता. आपला काळ जवळ आल्याचे बहिणाबाईंना कळले, तेव्हा त्यांनी मुलाला पत्र पाठविले की पाच दिवस उरले, लवकर ये. बायकोच्या क्रियेतून उठून मुलगा आईसाठी धावत आला. त्याला जवळ बसवून त्यांनी आपल्या मागच्या बारा जन्मांची हकिगत सांगितली. हा तेरावा, आता पुढे जन्म नाही, असे सांगितले. मुलगा विचारीत होता आणि आई सांगत होती. ते सारे अभंगांत उतरलेले आहे.

शके १६२२, आश्विन शुद्ध प्रतिपदेस, म्हणजे १७०० साली, बहिणाबाईंनी देह ठेवला. वय बहात्तर. समाधी वैजापूर तालुक्यात शिऊरास आहे.